तांब्याचं वायसर

मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे साडेचारला
घाटनांदुरातून निघते माझी गाडी.
चार माणसं. चौघांच्याही दंडावर सुयांच्या गाठी.
लातुरात त्यांचं रक्त चार तास धुतात,
तोवर मी गंजगोलाईत चहा पितो
किंवा सीटवर पाय पसरून झोपतो.

त्या शुक्रवारी म्हटलं, हिचंही तेल बदलून घेऊ.
औसा रोडला नवं दुकान, पिवळा बोर्ड:
वीस मिनिटांत ऑईल चेंज, चहा फुकट.
चहा खरंच फुकट होता.
पोरगं गाडीखाली, मोबाईल खांद्याने कानाला दाबलेला,
कुणाला तरी सांगत होतं, येतो, येतो म्हटलं ना.
बिल चौदाशे सत्तर. वरचे तीस
मी त्यालाच ठेव म्हटलं.

गयाबाई लोमटे गाडीत चढताना म्हणाल्या,
"हिचंबी झालं का डायलिसिस?"
सगळे हसले. निवृत्ती सरसुद्धा,
जे परतीला कधी बोलत नाहीत.

पानगाव मागे पडलं आणि लाल दिवा लागला.
वाटलं, उन्हाने लागला असेल.
ही माझी चूक. शेठने नंतर तीच धरून ठेवली.
मग खालून आवाज,
परातीत कुणी खडे घुसळावेत तसा.
मग तोही नाही.
उतरून पाहिलं तर रस्त्यावर काळी बारीक रेघ
पार रेणापूरकडे गेलेली,
मला एवढी सरळ गाडी चालवता येते
हे ठाऊक नव्हतं.

एप्रिल. बाभळीखाली चार माणसं,
मागची सीट काढून तिच्यावर बसवलेली.
माझ्याकडे बाटली भरलेली होती,
त्यांचं दिवसाचं मोजलेलं पाणी सकाळीच संपलेलं.
गयाबाईंनी चूळ भरली, थुंकून टाकली,
आणि ओली माती बघत राहिल्या.

शेठ म्हणाला, नट ढिला असता तर इथंच सांडलं असतं.
शेठ म्हणाला, रस्ते बघा की, दगड लागला असेल.
शेठ म्हणाला, लाल दिवा कशाला दिलाय कंपनीने?
मी बिल दाखवलं. त्याने बिल उलटं केलं.
मागे मुंग्यांएवढी अक्षरं. चष्मा घरी होता.
पुन्हा चहा आला. मी पुन्हा प्यालो.
त्याची लाज
अडतीस हजारांपेक्षा जास्त दिवस पुरली.

सतरा दिवस गाडी उभी.
तीन फेऱ्या पानगावच्या मुनीरभाईंच्या जीपने,
एक एसटीने, उभ्याने.
एका मंगळवारी कुणीच गेलं नाही.
निवृत्ती सरांचे पाय सुजले, चपलेत मावेनात.
एवढंच. आता उतरलीय सूज.

मग एका रात्री दारात तेच पोरगं. नाव वैजनाथ.
शेवटच्या एसटीने आलेलं. मूठ उघडली:
तांब्याचं वायसर, कोरं करकरीत.
"बाकड्याखाली घावलं. मपल्या हातून बसवायचं राह्यलं.
नट बी हातानंच फिरवला व्हता.
फोनवर माय व्हती."
शेठला सांगितलंस?
"सांगितलं. म्हणून तर काम सुटलं."

सतरा दिवस घोकलेल्या शिव्या होत्या माझ्याकडे.
एकही त्याच्या मापाची निघाली नाही.
जेवलास का, विचारलं. पिठलं होतं.
पहिल्या घासाला त्याचा फोन वाजला. त्याने उलटा ठेवला.
"उचल," म्हटलं, "आता गाडीखाली नाहीस तू."

ग्राहक मंचाची तारीख पुढच्या महिन्यात आहे.
साक्षीला येतो म्हणालाय. बघू.

पहाटे चारला आता मी आधी गाडीखाली आडवा होतो,
बोटाने नट चाचपतो. कोरडा.
तरी पुन्हा चाचपतो.
बायको टॉर्च धरून म्हणते, आटपा,
सर येऊन उभे आहेत.
खालून मला फक्त त्यांचे पाय दिसतात.
चप्पल नीट बसलीय का,
तेवढं बघतो, मग बाहेर येतो.